दोन अक्षरं जास्त

१

एकवीस तारखेला सकाळी मी वाचनालयातून इस्पितळाच्या टेलिफोन खोलीत फोन लावला. पलीकडून आवाज आला, "हॅलो? हॅलो? बोला ना!" मी बोललेच होते. फोन कट. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कट झाल्यावर माझं डोकं फिरलं आणि मी तणतणत दोन जिने उतरून खाली गेले.

टेलिफोनताई खुर्चीत बसली होती. बोर्डावरचे पाच दिवे लुकलुकत होते आणि ती एकेक बटण दाबून "हॅलो, हॅलो" करत होती. मला बघून म्हणाली, "बाई, आज सगळ्याच लाइनी मेल्यात का?"

मी म्हटलं, "लाइनी ठीक आहेत. तू माझा फोन का कापतेस?"

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. मग तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि स्वतःच्या कानामागे दोन टिचक्या वाजवल्या. तिचा चेहरा पांढरा पडला. सत्तावीस वर्षांची मुलगी, आवाज ओळखण्यावर जिची भाकरी चालते, तिला स्वतःची टिचकी ऐकू येत नव्हती.

मूत्रपिंडाच्या चिवट संसर्गावर दहा दिवस तिला रोज एक इंजेक्शन चालू होतं. हे औषध काही घराण्यांना सोसत नाही. आईकडून मुलांत उतरणारा एक बारीकसा दोष असतो, आणि तो असेल तर औषध कानच घेऊन जातं. तिची आई अशीच तरुणपणी बहिरी झाली, मामाही झाला. म्हणून तर वॉर्डाच्या डॉक्टरांनी आधी आमच्याच इस्पितळाच्या जनुक प्रयोगशाळेत तिची तपासणी करून घेतली होती. अहवाल नऊ तारखेचा. "दोष आढळला नाही."

सव्वीस तारखेला बाहेरच्या एका प्रयोगशाळेचा निकाल आला. दोष होता. ठसठशीत होता.

२

संचालकांनी तातडीनं चौकशी नेमली आणि चौकशीला मला नेमलं. "तटस्थ व्यक्ती हवी," ते म्हणाले. तटस्थ म्हणजे काय ते मला पस्तीस वर्षांत नीट कळलंय. जिला यातलं ओ की ठो कळत नाही आणि जी सांगाल तिथे सही करून आपल्या कपाटांकडे परत जाईल ती. मी इस्पितळाची ग्रंथपाल. मी होकार दिला, कारण टेलिफोनताईचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

सत्तावीस तारखेला प्रयोगशाळेत सगळे जमलो. प्रमुखांनी मला लहान मुलाला सांगावं तसं समजावलं. "बाई, रुग्णाच्या पेशीतली अक्षरं आपण वाचतो आणि ती एका संदर्भ प्रतीशी ताडून बघतो. संदर्भ प्रत म्हणजे साऱ्यांसाठी ठरवलेला मूळ मजकूर. ठरावीक घरात वेगळं अक्षर दिसलं की दोष. यात चुकण्यासारखं काही नाही. माणूस चुकला तरच."

आणि त्यांनी त्या माणसाकडे बघितलं. अहवालावर जिची सही होती ती विश्लेषक मुलगी कोपऱ्यात उभी होती. तिला सगळे तपासनीस म्हणतात, कारण ती लिफ्टचं बटणही दोनदा तपासते.

"तोच नमुना घे," प्रमुख म्हणाले. "तीच प्रत, तीच आज्ञा. आत्ता, सगळ्यांसमोर."

तिनं कळफलकावर बोटं चालवली. दहा मिनिटांनी छपाईयंत्रातून कागद बाहेर आला. "दोष आढळला."

तपासनीस कागदाकडे बघत म्हणाली, "मी नऊ तारखेलाही हेच केलं होतं. अगदी हेच."

"मग नऊ तारखेला काय संगणक पेंगत होता?" प्रमुख म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. तिनं गळ्यातलं प्रवेशपत्र काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. संचालकांनी माझ्यापुढे टाइप केलेला कागद सरकवला. चौकशीचा निष्कर्ष तयारच होता. विश्लेषकाचा वैयक्तिक हलगर्जीपणा, इतर कोणत्याही अहवालावर परिणाम नाही. खाली माझ्या सहीची जागा.

मी म्हटलं, "माझं अजून वाचून व्हायचंय."

"एका पानाचा कागद आहे, बाई."

"मी हळू वाचते."

३

तपासनीस मला जिन्यात भेटली. रडत नव्हती, संतापलेली होती, आणि ते मला बरं वाटलं.

"बाई, मी घाई करत नाही. माझ्या घरचे म्हणतात मी चहाला आधण ठेवतानाही पाणी मोजते."

"मग त्याच गोष्टीची दोन उत्तरं कशी आली?"

"गोष्ट तीच नसेल तर येतील." तिनं आवाज खाली आणला नाही. "इथे प्रत्येकानं आपापल्या जुन्या जागेवरून संदर्भ प्रत आणलीय. सगळ्यांनी तिला एकच नाव दिलंय, 'मानव अंतिम'. कोणती खरी ते फाइल उघडल्याशिवाय कळत नाही आणि उघडून बघत कोणी नाही. गेल्या वर्षी मी अर्ज दिला होता. म्हटलं, प्रतीचं नाव माणसानं ठेवूच नका. प्रतीतल्या सगळ्या अक्षरांचं गणित करून एक खूण काढता येते. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की खूण बदलते. अहवालावर ती खूण छापा, आणि कुठल्याही प्रयोगशाळेनं ती खूण सांगितली की तीच प्रत मिळाली पाहिजे. सगळीकडे एकच दार."

"मग?"

"प्रमुख साहेबांनी शेरा मारला, 'आपल्याकडे असा घोळ होत नाही.'"

मग मी गाठलेला दुसरा माणूस म्हणजे एक वयस्कर संशोधक. माणसांची कुळं कुठून कुठे गेली ते शोधतात, म्हणून त्यांचं नाव मूळपुरुष. त्यांच्या खोलीत पाय ठेवला तर तेच माझ्यावर ओरडले. "आलात? चोर पकडायला आलात ना? माझी प्रत कोणी नेली ते आधी शोधा!"

"तुमची प्रत?"

"जुनी आहे, मला माहीत आहे जुनी आहे! पण माझी तीस वर्षांची आकडेमोड तिच्यावर उभी आहे. बावीस तारखेला सकाळी बघतो तर माझी सगळी घरं हललेली. तक्रारवहीत लिहिलंय मी. कोणी ढुंकून बघितलं नाही."

मी तक्रारवही मागवली. बावीस तारीख, त्यांच्या तिरक्या अक्षरात: "माझ्या मजकुराला कोणी हात लावला? लांबी दोनने कमी भरते." शेजारी प्रमुखांची आद्याक्षरं आणि "पाहिले".

"रागाच्या भरात तुम्हीच काही अदलाबदल केली नाहीत ना?" मी विचारलं.

"मी? प्रती ज्या संगणकात आहेत, त्याचं कपाट मला तर उघडताही येत नाही. त्याच्या किल्ल्या कुलूपकडे."

कुलूप म्हणजे आमचा संगणक व्यवस्थापक. पंधरा तारखेपासून तो वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गावी गेला होता. त्याला फोन लावला तो मीच, कारण टेलिफोन खोलीत आता बदली माणूस बसत होता आणि त्याला स्वतःचा नंबरही सापडत नव्हता.

"बाई, मी काही चोरलं नाही हो!" कुलूप पहिल्याच वाक्याला घाबरला.

"मी अजून काही विचारलंच नाही."

"तीन तारखेला डिस्क भरली होती. बघितलं तर एकाच नावाच्या तीन फायली. म्हटलं एकच गोष्ट तीनदा कशाला? दोन पुसल्या, एक ठेवली आणि सगळ्यांच्या वाटा तिच्याकडे वळवल्या. प्रमुख साहेबांच्या कानावर घातलं होतं."

"कोणती ठेवलीस?"

"सगळ्यांत मोठी. मोठी म्हणजे पूर्ण असणार, नाही का?" मग तो म्हणाला, "फरक अगदीच थोडा होता बाई. दोन अक्षरांचा."

"आणि रजेवर असताना घरून पुन्हा बदललीस?"

"घरून? बाहेरून ते कपाट उघडतच नाही. म्हणून तर मला कुलूप म्हणतात. त्या खोलीत जावं लागतं, किल्ली लागते. एक माझ्या खिशात आहे, एक साहेबांकडे."

मी फोन ठेवला.

४

आमच्या इस्पितळात एक जुनी पद्धत आहे आणि तिची सगळे टवाळी करतात. प्रयोगशाळेच्या प्रत्येक अहवालाची एक छापील प्रत माझ्याकडे येते. मी त्या खोक्यांत भरते, कोणी कधी मागत नाही. त्या दुपारी मी महिन्याचं खोकं टेबलावर उपडं केलं.

आता माझा धंदा सांगते. पुस्तकाची नोंद करताना आम्ही नाव लिहितो, लेखक लिहितो आणि पानं मोजतो. लोकांना वाटतं पानं कशाला? नाव तेच, मुखपृष्ठ तेच, आणि एकात चारशे बारा पानं, दुसऱ्यात चारशे चौदा असतील, तर ती एक आवृत्ती नव्हे. मग त्यातला पान क्रमांक सांगून काही उपयोग नाही, कारण तुमच्या आवृत्तीत त्या पानावर भलतंच काही असतं. ही साधी गोष्ट माझ्या हाताखालची नवी मुलगीही आठवड्यात शिकते. प्रयोगशाळेतल्या पदवीवाल्यांना कोणी शिकवली नव्हती.

अहवालाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, संदर्भ मजकुराची लांबी छापलेली असते. आईकडून उतरणाऱ्या त्या छोट्या भागाची. डॉक्टर ती ओळ वाचत नाहीत. मी भिंग घेतलं.

एक तारीख, १६५६९. दोन तारीख, १६५६९. तीन, तेच. चार तारखेला १६५७१. पाच, सहा, सात, १६५७१. टेलिफोनताईचा नऊ तारखेचा अहवाल, १६५७१. एकवीस तारखेपर्यंत तेच. बावीस तारखेला पुन्हा १६५६९. सत्तावीसला आमच्यासमोर काढलेल्या कागदावरही १६५६९.

संगणक पेंगत नव्हता आणि मुलगीही पेंगत नव्हती. अठरा दिवस तिला दुसरीच आवृत्ती दिली होती. तिच्यात सुरुवातीलाच जास्तीची अक्षरं घुसलेली, पुढची घरं सरकलेली. ठरलेल्या घरात बघितलं तर तिथे शेजारी बसला होता, साळसूद चेहऱ्यानं.

मग मी मोजलं. चार ते एकवीस तारखेपर्यंत, हाच दोष बघण्यासाठी काढलेले अहवाल एक्केचाळीस. एक्केचाळीस घरांत "दोष आढळला नाही" असा कागद ठेवलेला, आणि त्यातला एकही विश्वासाचा नाही. सगळ्यांत वरचा होता एका बसड्रायव्हरचा. तो आमच्याच तिसऱ्या वॉर्डात होता आणि त्याचं पहिलं इंजेक्शन उद्या सकाळी अकराला होतं.

मी वॉर्डात धावले. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, कपाळावर आठी आली. "बाई, माझ्याकडे प्रयोगशाळेचा सहीचा अहवाल आहे, आणि याचा संसर्ग थांबायला तयार नाही. प्रयोगशाळेनं लेखी मागे घेतला तर मी या क्षणी थांबतो. तुमच्या भिंगावर मी औषध बंद करू शकत नाही."

५

सकाळी नऊला मी संचालकांच्या टेबलावर खोकं आपटलं. प्रमुख शेजारीच बसले होते. तपासनीसलाही मी बोलावून घेतलं होतं. न विचारता.

"तीन तारखेला चूक झाली," मी म्हटलं. "ती कुलूपची, आणि खरं तर तुम्हां सगळ्यांची. तीन वेगळ्या गोष्टींना एक नाव देऊन ठेवलंत, मग त्यानं दोन पुसल्या. त्याला मी चोर म्हणणार नाही. पण बावीस तारखेला कोणीतरी बरोबर प्रत गुपचूप परत आणून ठेवली. त्या माणसाला माहीत होतं की मधल्या दिवसांचे अहवाल चुकलेत. निकाल सव्वीसला आला. म्हणजे चार दिवस आधीच माहीत होतं. कुलूप गावी होता आणि कपाट बाहेरून उघडत नाही. मूळपुरुषांकडे आणि हिच्याकडे किल्ली नाही. उरलं कोण?"

प्रमुख हसले. "खालची लांबी म्हणजे नमुना कागदावरची छपाई आहे, बाई. महिन्यात दोनदा कागद बदलला असेल."

"आणि मूळपुरुषांची दोन अक्षरंही नेमकी त्याच दिवशी कमी झाली? तक्रारीशेजारी 'पाहिले' कोणी लिहिलं? नमुना बाहेर पाठवायची चिठ्ठीही याच खोक्यात आहे, तिच्यावर तुमची सही आहे, तारीख बावीस. मुलगी बहिरी झाल्यावर तुम्हांला शंका आली, इथवर मी तुम्हांला माणूस मानते. पण त्याच दिवशी प्रत बदललीत आणि मग सगळ्यांसमोर हिला म्हणालात, आत्ता करून दाखव. उत्तर बरोबर येणार हे तुम्हांला माहीत होतं. तुम्हीच येईल असं केलं होतंत."

"पुढच्या महिन्यात मान्यतेची तपासणी आहे," संचालक मधेच म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं. "एका कर्मचाऱ्याची चूक निभावून जाते. अठरा दिवस म्हणजे प्रयोगशाळेला टाळं. लेखी कबुलीशिवाय, केवळ तर्कावर, मी एक्केचाळीस घरांत घबराट पसरवणार नाही. बाई, सही करा."

तपासनीस पुढे झाली. "मला काढायचं तर काढा. पण तो एक्केचाळीसांचा गठ्ठा मला एक दिवस द्या. फुकट करते. दार उघडून द्या फक्त."

"तुझं प्रवेशपत्र रद्द झालंय," प्रमुख म्हणाले.

मी पेन उचललं, त्याला टोपण लावलं आणि पर्समध्ये टाकलं. "पस्तीस वर्षांत मी या सहीनं फाटकी पुस्तकं रद्द केलीत. माणसं रद्द करायला ती मिळणार नाही. मलाही काढा. निवृत्तीला आठ महिने आहेत, तुमचंच काम वाचेल."

बाहेर आले तेव्हा दहा वाजून गेले होते. डोक्यात सगळं उलगडलेलं होतं आणि हातात काही नव्हतं. मला रडू आलं, रागानं.

६

टेलिफोन खोलीचं दार उघडं होतं. टेलिफोनताई आपलं सामान न्यायला आली होती, आई आणि मामाही सोबत होते. ती डबा, स्वेटर, उशी पिशवीत भरत होती. मी तिच्या वहीत सगळं लिहून दिलं. प्रत, तारखा, एक्केचाळीस, ड्रायव्हर, अकरा वाजता. तिनं दोनदा वाचलं.

तेवढ्यात माझ्यामागून प्रमुख आत आले. मला बघून चरकले, पण परत फिरले नाहीत. कदाचित मनाला टोचत असेल. कदाचित गोड बोलून मिटतंय का ते बघायचं असेल. मला आजही ठरवता येत नाही, आणि मी त्यांना संशयाचा फायदा देणार नाही.

ते तिच्यासमोर उभे राहिले आणि बोलायला लागले. खाली मान घालून, हलक्या आवाजात, भरभर. "माझं चुकलं. एकवीसला रात्रभर झोप नाही लागली. बावीसला बघितलं तेव्हाच कळलं होतं मला... सांगणार होतो..." छातीवर हात होता. डोळेही ओले होते, खोटं कशाला बोलू?

त्या खोलीत ज्यांची माफी मागायची ती तीन माणसं होती आणि तिघांनाही एक अक्षर ऐकू येत नव्हतं. आई त्यांच्या बुटांकडे बघत होती. मामांनी कानाशी हात नेला आणि सवयीनं खाली घेतला.

ते थांबल्यावर टेलिफोनताई बोलली. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो जरा मोठाच लागला, सगळ्या व्हरांड्यात गेला.

"साहेब, मला ऐकू येत नाही. लिहून द्या."

तिनं वही त्यांच्यापुढे ठेवली, वर पेन ठेवलं. ते माझ्याकडे बघू लागले. मी दारात उभी होते आणि हलणार नव्हते.

"माझ्या आईलाही ऐकू येत नाही," ती म्हणाली. "मामालाही नाही. तुम्ही काय बोललात ते आमच्या घरात कोणालाच कळलं नाही. कळवायला आलात ना? मग लिहा. खाली सही करा."

घड्याळात साडेदहा झाले होते. ते खुर्चीत बसले. तिच्याच खुर्चीत. पेन हातात धरून इतका वेळ बसले की बोर्डावरचे दिवे लागून विझले. मग लिहायला लागले. सहा ओळी लिहिल्या, सही केली आणि वही तिच्याकडे वळवली.

तिनं सावकाश वाचलं, बोट ठेवून. एका जागी बोट थांबलं. तिनं वही परत त्यांच्याकडे फिरवली.

"'अनवधानानं' लिहिलंय तुम्ही. बावीस तारखेचं अनवधानानं नव्हतं. तो शब्द काढा."

"ताई, अहो..." ते म्हणाले.

"ओठ हलवू नका. काढा."

त्यांनी तो शब्द खोडला. तिनं खोडलेल्या जागेवर पुन्हा सही घेतली, मगच पान फाडून माझ्या हातात दिलं.

वॉर्डाचे तीन जिने मी कशी चढले ते माझ्या गुडघ्यांना विचारा. ड्रायव्हरनं बाही वर केली होती, परिचारिका कापूस ओला करत होती. डॉक्टरांनी कागद वाचला, पुन्हा सुरुवातीपासून वाचला, आणि सुई ट्रेमध्ये ठेवून दिली.

"काय झालं?" ड्रायव्हर गोंधळून माझ्याकडे बघत म्हणाला. "माझा अहवाल तर चांगला होता."

"तुमचा अहवाल खोटा आहे," मी म्हटलं. "आणखी चाळीस जणांचा तसाच आहे. बाही खाली करा. औषधाचं डॉक्टर बघतील. तुम्ही बरे झालात की खाली संचालकांच्या दारात या, एकटे येऊ नका. त्या चाळिसांची यादी मी देते."

त्यानं बाही खाली केली, बटण लावलं आणि म्हणाला, "यादी आत्ताच द्या."